गैरवाका समजाविणे : दिल्लीच्या मराठी वकिलातीतील चहाडीची परिभाषा

अठराव्या शतकात दिल्लीहून पुण्यास गेलेल्या मराठी पत्रांत एक तक्रार वारंवार भेटते. लिहिणारा कधी वकील असतो, कधी सरदार, कधी मामलतीचा कारकून. पण तक्रारीचा सांगाडा फारसा बदलत नाही. कोणी तरी स्वामींस गैरवाका समजाविला, त्यामुळे स्वामींच्या मनात विकल्प आला, वस्तुतः सेवक निखालस आहे, तरी खातरजमा असावी. 'गैरवाका' हा फारसीच्या मार्गाने मराठीत आलेला शब्द; जे घडलेले नाही ते, असा त्याचा मूळ अर्थ. त्याच्याबरोबर येणारे क्रियापद मात्र शुद्ध मराठी आहे आणि तेच अधिक लक्षणीय आहे. खोटे 'सांगितले' असे ही पत्रे सहसा म्हणत नाहीत, 'समजाविले' असे म्हणतात. सांगणे हे बोलणाऱ्याचे कृत्य. समजाविणे पुरे होण्यास ऐकणाऱ्याची संमती लागते. तक्रारदाराने चहाडखोरावर ठेवलेल्या ठपक्याचा थोडासा अंश अशा रीतीने धन्याच्या पदरात पडतो, आणि तोही इतक्या अदबीने की धन्यास रागावण्यास जागा राहत नाही.

या परिभाषेतील इतर शब्दही ऐकणाऱ्याच्या भोवतीच फिरतात. चहाडखोर कान 'भरतो', कान 'फुंकतो'. त्याचे ऐकणारा 'कानाचा हलका' असतो. परिणामी मनात 'किंतु' येतो, 'विकल्प' पडतो, दोघांत 'द्वैत' उत्पन्न होते. उलट बाजूस 'निखालस', 'एकनिष्ठ', 'खातरजमा' ही पदे येतात. चहाडी आणि चुगली यांत आज मराठी भाषक फारसा भेद करीत नाही. चुगली फारसीतून आलेली, दिल्लीच्या बाजारात आणि दरबारात सारखीच रुळलेली. चहाडी ही घरची. संस्कृतात याच दोषाला पैशुन्य म्हणतात. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांत अपैशुन्याची गणना झाल्यामुळे ज्ञानेश्वरीलाही त्या पदाचे विवरण करावे लागले. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील उत्तमलक्षणाच्या समासात रामदासांनी चहाडीला मनात थारा न देण्याचा आणि शोधाविना कार्य न करण्याचा उपदेश एकाच ओवीत केला आहे. हे साहचर्य सहज झालेले नसावे. चहाडीवर उतारा म्हणून त्यांना चहाडखोराचे शासन सुचत नाही. ऐकणाऱ्याने करावयाचा शोध सुचतो. दिल्लीच्या वकिलातीत नेमका तोच दुर्मीळ होता.

हा अनुभव मराठीपुरता नाही, हे उघडच आहे. परंतु प्रत्येक भाषा तो निराळ्या ठिकाणी ठेवते. कँटनी चिनी भाषेत दुष्ट, क्षुद्र माणसांमुळे नुकसान होण्याला 'फान सिउ यान' असा प्रयोग आहे. 'सिउ यान' म्हणजे शब्दशः लहान माणूस; कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहात सज्जनाच्या विरुद्ध टोकाला उभा असलेला हलक्या मनाचा मनुष्य तो हाच. या प्रयोगात अशा माणसाशी गाठ पडणे हे ग्रहपीडेसारखे ओढवते. म्हणून त्यावरील उपायही विधीचा असतो. हाँगकाँगमध्ये वान चाय आणि कॉजवे बे यांच्या दरम्यानच्या कॅनल रोडच्या उड्डाणपुलाखाली वृद्ध स्त्रिया कागदाची बाहुली मांडून तिला जुन्या पायताणाने बडवितात. मार्चच्या ५ किंवा ६ तारखेस, चिनी पंचांगात कीटक जागे होण्याचा जो काळ सांगितला आहे त्या दिवशी, तेथे विशेष गर्दी होते. २०१४ साली हाँगकाँगच्या अमूर्त वारशाच्या सूचीत या विधीची नोंद झाली. बाहुलीला नाव देता येते, पण नाव ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. विधीच्या शेवटी 'ग्वाय यान', म्हणजे साह्य करणारा थोर मनुष्य, आयुष्यात यावा अशी प्रार्थना असते. मराठी घरांतील दृष्ट काढण्याच्या रीतीशी याचे नाते सहज ओळखू येते; मीठमोहऱ्या ओवाळतानाही ज्याची दृष्ट लागली तो बहुधा अनामच राहतो.

वकिलातीच्या पत्रांतील 'कोणी' हाही असाच अनाम आहे. स्वतःच्या बचावासाठी लिहिलेल्या पत्रांत चहाडखोराचे नाव बहुधा टाळलेले असते. दुसऱ्यावर आरोप करण्याच्या पत्रात मात्र नाव, रक्कम, जागा सगळे येते. मात्र कँटनी भाषकाने क्षुद्र मनुष्याला दैवाच्या खात्यावर टाकले, तर मराठी वकिलाने त्याला धन्याच्या कानाशी बसविले. कागदाची बाहुली बडवून त्याचे भागण्यासारखे नव्हते. त्याला दुसरे पत्र लिहावे लागे, आणि ते पत्र प्रतिपक्षाच्या दृष्टीने पुन्हा चहाडीच ठरे.

ही कोंडी समजण्यासाठी दिल्लीतील मराठी व्यवस्थेची घडण पाहिली पाहिजे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले. त्या स्वारीत बरोबर गेलेले नाशिककडील महादेवभट हिंगणे यांच्याकडे पुढे दरबारातील वकिली आली आणि ती त्यांच्या घराण्यात राहिली. बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम, देवराव हे त्यांचे पुत्र निरनिराळ्या काळी दिल्लीच्या राजकारणात वावरले. १७५२ मध्ये सफदरजंगाशी झालेल्या कराराने बादशाहीच्या रक्षणाची जबाबदारी मराठ्यांवर आली आणि फौज दिल्लीत ठेवणे प्राप्त झाले. त्या फौजेचे सरदार अंताजी माणकेश्वर. म्हणजे एकाच शहरात पेशव्यांचे दोन प्रतिनिधी झाले, एक बोलणारा आणि एक लढणारा. त्यांपैकी कोण कोणाच्या हाताखाली, हे पुण्याने कधी नीट ठरविले नाही. त्यावर शिंदे आणि होळकर यांचे आपापले हितसंबंध, रघुनाथरावांसारख्या स्वारीवर येणाऱ्या मुख्यांचे तात्पुरते अधिकार आणि वजिरापासून खोज्यांपर्यंत ज्याला त्याला मराठ्यांपैकी कोणी तरी आपला हवा असण्याची दरबारी गरज. एवढ्या ताणांत दोन कारभाऱ्यांचे सख्य टिकले असते तरच नवल.

हिंगणे बंधू आणि अंताजी माणकेश्वर यांचे वैर पेशवे दप्तर आणि हिंगणे दप्तर या दोन्ही पत्रसंग्रहांत पसरलेले आहे. अंताजी फौजेची गणती फुगवून दाखवितात, नसलेल्या स्वारांचा पगार घेतात, वसुलाचा हिशेब देत नाहीत, असा एका बाजूचा आरोप. हिंगणे दरबाराकडून स्वतःपुरत्या जहागिरी मिळवितात, सरकारकामापेक्षा घर भरण्याकडे त्यांचे लक्ष, असा दुसऱ्या बाजूचा. दोहोंत तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. त्या काळच्या कोणत्याही लष्करात गणतीचे स्वार आणि रणातले स्वार यांत अंतर असे. वकिलाने बादशहाकडून जहागीर घेणे हेही तत्कालीन रीतीस सोडून नव्हते. पण आरोप खरा असो वा खोटा, तो मांडण्याची भाषा एकच होती. आपण निखालस, समोरचा गैरवाका समजाविणारा. दोन्ही बाजूंची पत्रे एकापुढे एक ठेवून वाचली तर सहीखेरीज पुष्कळदा फारसा फरक राहत नाही.

यात अंतराचा भाग मोठा आहे. पुणे-दिल्ली मार्ग सुमारे चौदाशे किलोमीटरांचा, मध्ये नर्मदा आणि चंबळ. जासुदाच्या जोडीने पत्र पोहोचविले तरी उत्तर येईपर्यंत दिल्लीतील परिस्थिती उलटलेली असे. धन्याने शोध करावा तर कोणाकडून? शोधासाठी पाठविलेला मनुष्य दिल्लीत पोहोचला की दोनांपैकी एका पक्षाच्या घरी उतरे. अशा स्थितीत पेशव्यांनी दोन्ही पत्रे ऐकून घेतली, दोघांनाही जागीच ठेवले आणि दोघांवरही थोडा थोडा संशय राखला. राज्यकर्त्याच्या दृष्टीने हे अगदीच अडाणीपणाचे नव्हते. परस्परांवर पाळत ठेवणारे दोन सेवक ही स्वस्तातली तपासणी होती. किंमत मोजावी लागली ती दुसऱ्या ठिकाणी.

जानेवारी १७५७ मध्ये अहमदशाह अब्दाली दिल्लीवर आला तेव्हा वजीर गाझीउद्दीन इमादुल्मुल्क याच्याने प्रतिकार झाला नाही. नजीबखान रोहिला अब्दालीस मिळाला. त्या दिवसांत दिल्लीच्या परिसरात अफगाण फौजेशी प्रत्यक्ष झुंजले ते अंताजी माणकेश्वर, प्रथम नरेल्याच्या बाजूस आणि मग फेब्रुवारीच्या आरंभी फरीदाबादेस. तेथे त्यांची फौज वेढली गेली, पुष्कळ माणूस पडले आणि उरलेल्यांसह ते मथुरेकडे निघून गेले. गणतीतले किती आणि रणातले किती, हा हिंगण्यांचा जुना प्रश्न फरीदाबादेस उभा राहिलाच असणार. पण ज्याची प्रतिमा पत्रांतून केवळ अफरातफर करणारा अशी उभी राहते, तोच त्या प्रसंगी दिल्लीबाहेर उभा होता, हेही त्याच पत्रांच्या शेजारी नोंदविले पाहिजे. पुढे १७६१ च्या जानेवारीत पानिपतावरून निघालेले अंताजी आजच्या गुरुग्राम जिल्ह्यातील फर्रुखनगराजवळ मारले गेले.

१७५७ च्याच ऑगस्ट-सप्टेंबरात रघुनाथराव आणि मल्हारराव होळकर यांनी दिल्ली घेतली. नजीबखान हाती लागला आणि मल्हाररावांच्या मध्यस्थीने सुटला. पुढील तीन वर्षांत त्याच नजीबाने अब्दालीस पुन्हा बोलाविले. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, आणि वर्षभराने पानिपत झाले. या मालिकेचे खापर मराठी परंपरेने मल्हाररावांवर फोडले. भाऊसाहेबांच्या बखरीत तर मल्हाररावांच्या तोंडी एक सल्ला घातला आहे. उत्तरेतील सर्व शत्रू संपले तर पेशवे सरदारांना हलक्या चाकरीस लावतील, म्हणून नजीब राखावा, असा त्याचा मथितार्थ. बखरकाराने हे संभाषण कोठून ऐकले हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. दोन सरदारांतील खाजगी बोलणे, ऐकणारा तिसरा अज्ञात, आणि ते सांगितले जाते ते सर्वनाशानंतर. ही रचना गैरवाक्याचीच आहे, फक्त यावेळी ती धन्याच्या कानी न जाता वाचकांच्या कानी गेली आहे. होळकरांनी नजीबास वाचविले यात शंका नाही. परंतु ते का वाचविले याचे उत्तर बखरीने दिले म्हणून निर्णायक ठरत नाही. दिल्ली ताब्यात ठेवण्याइतकी फौज आणि पैसा रघुनाथरावांच्या स्वारीत नव्हता, स्वारीवर कर्ज चढत होते, आणि हाती आलेल्या रोहिल्याशी तह करून वाट मोकळी करणे हा तत्काळचा सोपा मार्ग होता, हेही कारण तितकेच विचारार्ह आहे.

आधुनिक इतिहासलेखनाला हा वारसा सहज टाकता आला नाही. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांमुळे १९३० नंतर दिल्लीची पत्रे अभ्यासकांना खुली झाली. हिंगण्यांचे दप्तर ग. ह. खरे यांच्या संपादनाने भारत इतिहास संशोधक मंडळाकडून प्रसिद्ध झाले. यदुनाथ सरकारांनी मराठी पत्रांची फारसी तवारिखांशी सांगड घालून मोगल सत्तेच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिला. या साधनसंपत्तीचे मोल वादातीत आहे. पण पत्र लिहिणाऱ्याने प्रतिपक्षास लावलेली विशेषणे पुष्कळदा इतिहासकाराच्या वाक्यात तशीच उतरली. हिंगण्यांच्या पत्रांवर विसंबले तर अंताजी लबाड, अंताजींच्या पत्रांवर विसंबले तर हिंगणे स्वार्थी, आणि दोन्ही वाचले तर दिल्लीतील सगळेच मराठे नालायक, असे निष्कर्ष निघत गेले. वास्तविक ही पत्रे मुख्यतः नोकरी राखण्यासाठी लिहिली गेली. त्यांतील आकडे, तारखा, मुक्काम यांवर जितका भरवसा ठेवता येतो तितका स्वभाववर्णनावर ठेवता येत नाही. ती कशाबद्दल खरे बोलतात, हे प्रथम ठरविल्याशिवाय त्यांचा उपयोग धोक्याचा आहे.

कागदावर अविश्वास ठेवण्याची कारणे मराठी राज्याला ठाऊक होती, आणि त्यावर उपायही योजले होते. पत्राच्या शेवटी 'मोर्तब सूद' किंवा 'लेखनसीमा' अशी मुद्रा उठविण्याचा हेतू हाच की तिच्याखाली कोणी एक ओळ वाढवू नये. मजकुरातील अक्षर बदलण्यास मात्र मुद्रा अडवीत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला, आणि 'धरावे'चे 'मारावे' केल्याची कथा त्यातून निघून 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार भाषेत कायम झाला. कथेच्या शब्दशः सत्यतेविषयी अभ्यासकांना शंका आहेच. पण जी भाषा दोनशे वर्षे दुष्टांच्या कारस्थानाचे वर्णन कानाच्या रूपकाने करीत आली तिने या एका प्रसंगी अक्षराचे रूपक स्वीकारले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कागद अपुरा पडे तेथे शपथ येई. बेलभंडार पाठवून, देवाची आण घेऊन, समोरासमोर भेटून मने साफ करण्याची रीत होती. दिल्लीच्या वकिलाला मात्र पुण्याची भेट वर्षानुवर्षे दुर्लभ असे.

महादजी शिंदे यांच्या काळात हीच गुंतागुंत अधिक मोठ्या पातळीवर दिसते. डिसेंबर १७८४ मध्ये शाहआलम बादशहाने पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुत्लक हे पद दिले आणि त्याचा कारभार महादजींच्या हाती आला. दिल्लीतील हिंगणे आणि महादजींच्या छावणीतील सदाशिव दिनकर, अप्पाजी राम हे बातमीदार नाना फडणीसांना नियमित लिहीत. महादजींना हे ठाऊक होते, आणि आपल्याच छावणीतून आपल्याविरुद्ध लिहिले जाते हा त्यांचा समज होता. १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत महादजींची पीछेहाट झाली. त्यांनी पुण्याकडे कुमक मागितली. कुमक निघण्यास आणि पोहोचण्यास फार वेळ लागला. दरम्यान गुलाम कादर रोहिला दिल्लीत शिरला. राजवाड्याचा नाझीर मंजूर अली आतून त्याला सामील होता. १० ऑगस्ट १७८८ रोजी बादशहाचे डोळे काढले गेले. ऑक्टोबरात राणेखानाने दिल्ली परत घेतली आणि वर्षअखेर मेरठकडून निसटलेला गुलाम कादर पकडला गेला, तेव्हा कुठे पुण्याहून आलेले अली बहादूर रणांगणावर होते. उशिराचे कारण केवळ संशय होते असे म्हणणे अतिरेकाचे होईल, कारण पुण्यापुढे टिपूचे संकट होते. पण महादजी प्रबळ झाले तर काय, हा पुणेकरांचा विचार आणि आपण बुडावे म्हणूनच कुमक लांबते, हा महादजींचा विचार, दोन्ही एकाच वेळी वाढत होते.

१७८९ च्या पावसाळ्यात महादजी मथुरेस अंगावर उठलेल्या गळवांनी अंथरुणाला खिळले. उपचारांनी गुण येईना. तेव्हा वृंदावनाकडील एका स्त्रीस धरून विचारपूस झाली. हिंमतबहादूर अनुपगीर गोसाव्याने आपल्याकडून महादजींवर करणी करविली, असे तिने सांगितल्याचे प्रसिद्ध झाले. अनुपगीर हे नागा गोसाव्यांचे पथक बाळगणारे, अयोध्येच्या नबाबापासून बादशहापर्यंत अनेकांची चाकरी केलेले सरदार. १७८४-८५ मध्ये दिल्लीच्या राजकारणात त्यांनी महादजींस साह्य केले होते, आणि नंतर जहागिरीच्या हिशेबावरून दोघांत बिनसले होते. महादजींनी त्यांना कैद करण्याचा हुकूम दिला. पहाऱ्यातून नेत असता अनुपगीर निसटून अली बहादरांच्या छावणीत शिरले आणि पेशव्यांच्या जरीपटक्याच्या आश्रयास गेले. अली बहादूर हे बाजीराव-मस्तानीचे नातू, पेशव्यांचे प्रतिनिधी. शरणागतास परत देणे त्यांच्या मानास पटेना. महादजींनी मागणी केली, अली बहादरांनी नकार दिला, तुकोजी होळकर अली बहादरांकडे झुकले, आणि प्रकरण पुण्याच्या पत्रव्यवहारात कित्येक महिने घोळत राहिले.

या प्रसंगात गैरवाका आणि करणी एकमेकांच्या जागा घेतात. शत्रूने धन्याचे कान भरले, या जागी शत्रूने शरीरात रोग भरला, असे झाले. पण महादजींची खरी तक्रार करणीपुरती नव्हती. आपल्या मारेकऱ्याला पेशव्यांच्या निशाणाखाली आसरा मिळतो, ही होती. नानांपुढील पेच त्याहून बिकट. करणीचा आरोप खरा मानावा तर शरणागत सोडावा लागतो. खोटा मानावा तर महादजींना खोटे ठरवावे लागते. पुण्याने दोन्ही टाळले. शोध करण्याऐवजी समजूत काढण्याची पत्रे गेली. एका कबुलीजबाबाच्या आधाराने उभी राहिलेली ही गोष्ट तपासण्याची यंत्रणा नव्हती असे नाही. पेशवाईत पंचाईत होती, दिव्याची चाल होती. मात्र वाद दोन सरदारांतला झाला की न्यायव्यवस्था बाजूस राही आणि मनधरणी सुरू होई. वृंदावनाच्या त्या स्त्रीचे काय झाले, याची कोणालाच फारशी पर्वा नव्हती असे या पत्रव्यवहाराचा रोख पाहता म्हणावे लागते.

महादजी बरे झाले. अली बहादूर अनुपगिरांना घेऊन बुंदेलखंडाकडे वळले, आणि उत्तरेतील मराठी फौजा एकत्र काम करण्याची शक्यता त्या पावसाळ्यानंतर उरली नाही. शिंदे-होळकरांचे वैर जून १७९३ मध्ये लाखेरीच्या लढाईपर्यंत गेले. त्याआधी १७९२ मध्ये महादजी स्वतः पुण्यास आले होते. हिशेब, मान, अधिकार यांविषयीचे बोलणे जे पत्रांतून उलगडत नव्हते ते समोरासमोर उलगडावे, हा त्या प्रवासाचा एक हेतू होता. तेथेही नानांशी समेट होण्यास बराच काळ गेला. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस महादजींचा मृत्यू झाला.

अली बहादूर १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्यात वारले. पुढील वर्षी, सप्टेंबर १८०३ मध्ये, हिंमतबहादूर अनुपगिरांनी इंग्रजांशी करार केला. त्याच महिन्याच्या ११ तारखेस दिल्लीसमोर यमुनेपलीकडे पटपडगंज येथे जनरल लेकने शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला, आणि काही दिवसांनी अंध शाहआलमाने त्याला लाल किल्ल्यात भेट दिली.